गंजलेल्या बिजागरीचा फोटो

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

बाबांची तब्येत बरी आहे. चहा घशात ओतला की अजूनही किनाऱ्यावरच्या आपल्या होड्यांच्या शेडकडे निघतात. दुरुस्तीला आता एखादीच होडी येते, पण रंध्याला रोज धार लावतात.

गेल्या वर्षी आलास तेव्हा किती गोड बोललास! ताई, शेडचे फोटो काढ, अगदी जवळून काढ, शहरात प्रदर्शन लावू. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी! माझी खोड तुला ठाऊक, मला अख्खी वस्तू दिसतच नाही. पोपडे धरलेला निळा रंग, गंजून फुगलेली बिजागरी, खाऱ्या वाऱ्याने फळीवर उमटवलेल्या रेषा. गुडघे सोलवटेपर्यंत टिपत बसले. या बाईला माणसाचा फोटो काढायला सांगा, ही त्याच्या चामखिळीचा काढेल, असं म्हणून बाबा हसायचे.

परवा शेडच्या दारावर नोटीस लागली. बांधकाम धोकादायक, पाडणार. खाली पुरावा म्हणून माझेच फोटो. तीच बिजागरी, तीच भेग, एकात तर बाबांच्या चपलेचं टोकसुद्धा. ते फोटो मी तुझ्याशिवाय कुणालाच दिले नव्हते. आणि तिथे होणाऱ्या हॉटेलात तुझी भागीदारी आहे, हे मला कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगावं? केसाने गळा कापलास रे. मी मायेने टिपलेली एकेक सुरकुती तू रोग म्हणून दाखवलीस.

सोमवारी सुनावणी आहे. काल मी पहिल्यांदाच लांब जाऊन, पार पाण्यात उभी राहून, अख्ख्या शेडचा फोटो काढला. ताठ उभी आहे. तो घेऊन जाणार आहे.

पण पत्र त्यासाठी नाही लिहिलेलं. बाबांनी फोटो ओळखले. आता मी शेडमध्ये पाऊल टाकलं की रंधा थांबतो आणि ते पाठ फिरवून बसतात. त्यांना वाटतंय, मीच दिले. तुझं नाव अजून माझ्या तोंडून निघालेलं नाही. तुझ्यावर त्यांचा जीव आहे; हे माझ्याकडून कळलं तर या वयात दोन्ही लेकरं गमावल्यासारखं होईल. सोमवारच्या आत ये आणि त्यांच्यासमोर बसून तूच सांग. शेड गेली तर मी रडेन आणि गप्प बसेन. बाबा मात्र मी तुला देणार नाही.

अजून तरी तुझीच,
ताई