हळदीचा स्पीकर

१० फेब्रु.
सकाळीच उलव्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्यात हजर. क्लबहाऊसचा मोठा स्पीकर काल चोरीला गेला, आज पहाटे जागेवर परत. त्यावर हळदीचे हात, शेजारी वड्यांचा डबा. चोराने फराळ ठेवून जावं हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच. ते हसायला तयार नाहीत. "मॅडम, केस करा. आज स्पीकर, उद्या गाडी." डबा पुरावा म्हणून ठेवून गेले.

चोर शोधावा लागलाच नाही. डबा न्यायला स्वतःच आली. प्रणाली, वय सतरा, सोसायटीमागच्या गावातली. बहिणीच्या हळदीत बँजोवाल्यांचा स्पीकर बंद पडला, म्हणून खिडकीतून शिरून हा नेला.
"चोरी कशी, मॅडम? लग्नघरात लागंल तं शेजाऱ्याकडशी आनतान, मंग परत देतान. रिकामा देत नाय, म्हनून वडे."
विचारलं का नाहीस?
"इचारला असता तं दिला असता?"
मी तिचा पत्ता लिहून घेतला.
पुढच्या वर्षी पोलीस भरतीला उतरायचंय म्हणाली. हे सांगताना मात्र रडू फुटलं.

डबा रिकामा निघाला. चौकशी चालू. हवालदार कदमांना ठसका लागलाय.

१० फेब्रु., दुपारी
मोठे साहेब म्हणाले, अल्पवयीन आहे, प्रकार किरकोळ, गुन्हा नोंदवायचा नाही. समज देऊन सोडायची की बाल न्याय मंडळापुढे पाठवायची, "ते तू ठरव." झालं, सगळं माझ्या गळ्यात. गोड पोरगी आहे म्हणून सोडतेय का मी?

तेवढ्यात दारात नवरी. हळद लागल्यावर ह्यांच्यात उंबरा ओलांडत नाहीत, ही थेट ठाण्यात. लॉकअपमधला पाकीटमारसुद्धा उठून उभा राहिला.
"माझे हलदीपायी केला तिनी. धराचं तं मना धरा."
दोघींना घरी पाठवलं. प्रणालीला म्हटलं, आज बहिणीचं लग्न लाव. उद्या आईवडिलांसोबत सेक्रेटरींपुढे उभी राहा. मी येईन, पण तुझ्यातर्फे बोलणार नाही.

११ फेब्रु.
बोलली. "खिडकीतून शिरले. तुमाला इचारला नाय. चुकला माझा." खाली न बघता. मला माझ्याच मुलीसारखा अभिमान वाटला.
सेक्रेटरींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेजारी म्हणवतेस, मग लग्नाचं आमंत्रण कुठाय?"
हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. प्रणालीची आई तर लाजून लालच झाली. "उद्या पूजा हाय. सगली या."

१२ फेब्रु.
सेक्रेटरी सोसायटीचे आठ-दहा जण घेऊन पूजेला. स्पीकरही सोबत, यावेळी रीतसर. सातवा वडा हातात धरून मला म्हणाले, "माझी तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही हां, मॅडम." नाचून माझे गुडघे गेले. फार दिवसांनी इतकं हसले.

२२ फेब्रु., रविवार
साहेबांना माझा निर्णय कळवला: समज दिली, पुढे पाठवत नाही. त्यांनी मान हलवून पुढची फाईल उघडली. सेक्रेटरींची तक्रार तशीच.

सकाळी खाडीच्या रस्त्यावर प्रणाली धावताना भेटली. थोडं सोबत धावले.
"भरतीत इचारला तं सांगू का, मॅडम?"
कायद्याने सांगायची गरज नाही, म्हटलं.
तिने वेग वाढवला. "तरी सांगीन."
थांब, नीट विचार कर, म्हणणार होते. पण तेवढ्यात ती पुढे निघून गेली आणि मला काही तिला गाठता आलं नाही.