या सांध्यावर लांबी लावू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा गाड्यांचा पत्रा जोडणे, कोणाच्याही दडपणाविना आणि डोकं ठिकाणावर ठेवून लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे लावावी. डोकं ठिकाणावर असल्याचं वकीलसाहेब सगळ्यांकडूनच लिहून घेतात. मी मात्र ते माझ्या मुलासाठी मुद्दाम लिहिते आहे, कारण आईचं डोकं फिरलंय असं तो भेटेल त्याला सांगत सुटला आहे.

झालंय एवढंच, की येत्या रविवारी माझं लग्न आहे. नवरा मुलगा म्हणजे शेजारचे रंगारी, वय पासष्ट. अक्षर वाकडं येतंय ते वयामुळे नाही, हसू आवरत नाही म्हणून. वकीलसाहेब मघापासून खाकरताहेत.

कलम एक. गॅरेज आणि त्यावरच्या दोन खोल्या मुलाच्या. घरावर डोळा ठेवून रंगारी लग्न करताहेत, असं माझ्या नणंदबाईंनी त्याच्या कानात भरलं आहे. रंगाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "घर नको बुवा. तुमच्या जिन्याला कठडा नाही, मी पडेन."

कलम दोन. बँकेतली शिल्लक सुनेला. मुलाच्या हातात पैसा टिकत नाही. फार उरेल अशी आशा तिनेही धरू नये, आम्ही दोघं फिरणार आहोत.

कलम तीन. पत्र्याची कात्री आणि लाकडी हातोड्या समोरच्या पंक्चरवाल्याला. तसाही तो त्या न विचारता नेतो. माझे जळके हातमोजे नणंदबाईंना. हे गेल्यावर (हे म्हणजे पहिले, आता दर वेळी असा खुलासा करावा लागणार!) मी वेल्डिंगची टॉर्च हातात घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, बाईमाणसाला शोभत नाही. घालून बघावेत, त्यांना शोभतात का. भंगारवाल्याला काहीही नाही. येता-जाता माझ्या गाडीचं वजन नुसत्या डोळ्यांनी करतो मेला.

कलम चार. गाडी. ही जुनी व्हॅन ह्यांची. मागच्या दाराच्या बिजागरीपासून छताकडे पत्र्याला चीर गेलेली. हे तिच्यात लांबी भरायचे, म्हणजे रंगाऱ्यांचा तो लगदा, वरून निळा रंग मारायचे आणि म्हणायचे, "झाली नवी!" दार चार वेळा आपटलं की चीर परत हजर, आधीपेक्षा बोटभर लांब. माणूस लाखातला, पण धीर म्हणून नाही. परवा परवा ते दार भर रस्त्यात लोंबायला लागलं, तेव्हा मी काम हातात घेतलं.

बॅटरी सोडवली, आतलं अस्तर काढलं. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मागून तांब्याची पट्टी धरायला रंगारी होतेच. पत्रा इतका पातळ झालेला, की एका दमात जोडायला गेलं तर जळून भोक पडतं, नाहीतर तापून फुगतो. म्हणून एक टाका इथे, एक तिथे, मध्ये ओलं फडकं, मध्ये चहा.

पण टाका बसायला पत्रा चकचकीत लागतो. रंग खरवडणं आलंच. नेमके रंगारी खरवडत असताना मुलगा आला. खाली पडलेला निळा चुरा बघून त्याचा चेहरा उतरला. "बाबांचा रंग आहे तो," म्हणाला. "ह्या रंगाऱ्यांनीच काढायचा राहिला होता?" आणि आल्या पावली गेला. बाळा, तो रंग निघताना माझाही जीव खालीवर होत होता. तू थांबला असतास तर सांगितलं असतं.

सांधा पुरा झाल्यावर मी रंगाऱ्यांना म्हटलं, "भरा आता लांबी."

ते सांध्यावरून अंगठा फिरवत उभे. "याला लांबी लावणार नाही."

"अहो, दिसेल ना!"

"दिसू दे. एवढं सुंदर काम मी झाकणार नाही. बाई, मी रोज बघायला आलो तर चालेल?"

"रोज येताच की."

"मग मुक्कामालाच येऊ का?"

अगं बाई! मी वेल्डिंगची काळी काच तोंडावर ओढून घेतली आणि आतल्या आत मनसोक्त लाजले.

तर गाडी रंगाऱ्यांना. अट एकच, या सांध्यावर कोणीही लांबी लावू नये. बाकी गाडी निळीच आहे. ह्यांचाच निळा. रंगाऱ्यांनी दिवसच्या दिवस डबे ढवळून तो जुळवला, माझ्याकडून चार वेळा नापास करून घेतला. मुलाला हे ठाऊक नाही, कारण तो फिरकलेलाच नाही. बाळा, तू नाही आलास तरी रविवारी लग्न होईल. पण माझ्या हसण्यात राम राहणार नाही, हे लिहून ठेवते. असं कलमात बसत नाही म्हणतात वकीलसाहेब. बसवा म्हटलं.

जादा मजकूर, वकीलसाहेबांच्या समक्ष. साक्षीदार म्हणून समोरच्या डॉक्टरांची सही झाली होती आणि दुसऱ्या सहीसाठी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने पेन उघडलं होतं, तेवढ्यात मुलगा आणि सून जिना चढून आले. वकीलसाहेबांनीच परस्पर फोन केला होता म्हणे. मुलाने सगळं उभ्या उभ्या वाचलं. तसाच खाली गॅरेजमध्ये गेला. गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला, परत उघडल्याचा आला. वर आला तेव्हा डोळे लाल होते. त्याने चष्मेवाल्याच्या हातातलं पेन घेतलं.

"अहो थांबा!" वकीलसाहेब ओरडले. "वाटेकऱ्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर तुमचं घर गेलं, आणि बायकोची शिल्लकही."

मुलाने बायकोकडे पाहिलं. "कर की," ती म्हणाली.

त्याने केली. मग मला म्हणाला, "रविवारी गाडी मी चालवणार. तुम्ही दोघं मागे बसा."

सबब कलम एक आणि कलम दोन बाद. नव्याने काय लिहायचं ते बघू सावकाश. सध्या मला मरायला अजिबात वेळ नाही.

लिहून देणार: आई (सही)
साक्षीदार पहिले: समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरा: मुलगा (सही, घाईत, पण वाचता येते)
ठिकाण: गॅरेजवरची खोली
दिनांक: लग्नाच्या आधीचा शुक्रवार