टाकीतलं लाकूड

बाबा,

तुमचं लाकूड मी हलवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. तेच लाकूड, ज्याच्यावर तुम्ही काळ्या सुती दोऱ्यानं अनुबियासचं, पाण्याखाली वाढणारं रोप बांधलं होतं आणि मी पहिल्यांदा वेगळं घर केलं तेव्हा ओल्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं होतं. दोरा केव्हाच कुजून गेला, आता मुळांनीच लाकूड धरून ठेवलंय. तुम्ही गेल्यावर मी घरं बदलली, काचा बदलल्या, पण माशांच्या प्रत्येक टाकीत ते मधोमध, किंचित डावीकडे कललेलं, तुम्ही मांडलं होतं तस्सं राहिलं. साफसफाई करतानाही मी त्याच्या कडेकडेनं हात फिरवायची.

तुम्हाला ठाऊक नाही, मी पुन्हा लग्न केलं. माणूस चांगला आहे, भांडणाची चाहूल लागली की त्याला बाहेरची कामं आठवतात, एवढाच दोष. त्याची पहिली बायको आजारपणात गेली. मुलगी चौदा वर्षांची. आई गेल्यावर तिला ‘थोडे दिवस’ म्हणून आत्याकडे ठेवलं होतं, ते थोडे दिवस काही संपेनात. शेवटी आम्ही वाघोलीला हा फ्लॅट घेतला आणि एका रविवारी दुपारी ती आली. खांद्यावर एक बॅग, हातात झाकणाची बादली. बादलीत तळहाताएवढा काळा एंजल मासा. तिच्या आईनं नखाएवढा असताना आणलेला.

माझी टाकी तिनं दारातूनच पाहिली. ती टाकी मी वर्षभर खपून जमवली होती. शनिवार पेठेतल्या त्या दुकानात उभं राहून, कोण कोणाला चालेल याचा विचार करून एकेक जीव आणलेला. तळाला चरणारे कोरी, मध्ये इवल्या निऑन माशांचा थवा, आणि शेवाळात लाल श्रिंप. श्रिंपच म्हणते, कारण कोळंबी म्हटलं की आपल्या घरात सगळ्यांना कढई आठवते. झाडं दाट झाली, श्रिंपना पिल्लं झाली, कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. त्यात एंजल सोडणं म्हणजे पंगत मांडून ठेवण्यासारखं होतं.

आणि मी तुमच्यासारखीच बोलून गेले. तुम्ही कसब्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात नवा मासा कधी थेट टाकीत सोडला नाही. मोरीपाशी काचेची मोठी बरणी असायची. नवीन आला की आधी बरणीत, रोगराई नाही याची खात्री पटली की मग टाकीत. आई वैतागायची, पाहुणे चहाला बसलेत आणि लोणच्याच्या बरणीत मासा. तीच सवय माझ्या तोंडात. मी म्हटलं, “थोडे दिवस त्याला वेगळं ठेवू या.”

तिनं बादली खाली ठेवली नाही. “थोडे दिवस म्हणजे किती?” तिनं विचारलं. आवाज चढवला नव्हता, म्हणूनच मी घाबरले. “तो वेगळा राहणार असेल तर मी आत्याकडे जाते परत. मला माहितीये थोडे दिवस कसे असतात ते.”

नवऱ्यानं “तुम्ही दोघी ठरवा” म्हटलं आणि गाडी नीट लावायला खाली गेला. गाडी नीटच लावलेली होती. आम्ही दोघी टाकीसमोर. बादलीतला मासा पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करायला लागलेला. इतक्या लांबून आलेलं ते पाणी शिळं झालं होतं. ती बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. ती मागे फिरली असती तर परत आली नसती, हे मला तिच्या खांद्यावरून अजून न उतरलेल्या बॅगेवरून कळत होतं. बरणीचा नियम मी मोडला, बाबा. रोग आला असता तर सगळी टाकी गेली असती. मी म्हटलं, “तो इथेच राहील. पण आधी छोट्यांना बाहेर काढावं लागेल, हात लाव.”

कपड्यांच्या टबमध्ये टाकीतलंच पाणी भरलं, हवेची नळी सोडली. बादलीतही टाकीचं पाणी वाटीवाटीनं घालत राहिलो, आमच्या टँकरच्या पाण्याची त्याला सवय व्हावी म्हणून. निऑन जाळीत सापडेनात, श्रिंप झाडांत दडून बसलेल्या. सगळ्या निघाल्या असं वाटल्यावर तुमचा दुसरा नियम आठवला. नवा मासा सोडायच्या आधी तुम्ही टाकीतली मांडामांड मोडायचात. दगड इकडचा तिकडे, झाडांची जागा बदललेली. “जुन्यांना आपापला कोपरा सापडला नाही की ते कुणाला हुसकायला जात नाहीत,” म्हणायचात. राहिले होते ते गरीब कोरी, ते कुणाला हुसकणार. पण टाकीपाशी आणखी कोण जुनं होतं ते मला समजत होतं.

दगड तिनंच उचलले. मग तिचा हात लाकडाकडे गेला आणि माझ्या तोंडून “ते नको” निघून गेलं. तिनं पाहिलं. मी म्हटलं, “माझ्या वडिलांनी बांधलंय ते रोप.” तिनं चटका बसावा तसा हात बाहेर घेतला. “मग राहू दे,” म्हणाली. त्या ‘राहू दे’मध्ये मला आत्याकडचं सगळं वर्ष ऐकू आलं. मी कोपरापर्यंत हात घातला आणि लाकूड उपटून वर काढलं. इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. गाळ उडाला, पाणी काळं झालं, आणि मला तुम्ही गेलात त्या दिवसासारखं वाटलं. “कुठे ठेवू?” मी विचारलं. तिनं मागच्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, “आईकडे त्याला मागे शिरायला जागा होती. काचेला टेकवून, उभं.” आईचा उल्लेख तिनं माझ्यासमोर पहिल्यांदा केला.

पाणी निवळल्यावर तिनं मासा सोडला. तो लाकडामागे गेला, बाहेर आला, आणि शेवाळात राहून गेलेली एक लाल श्रिंप आमच्या डोळ्यांदेखत गिळून मोकळा झाला. ती माझ्याकडे बघायला लागली. बॅगेचा पट्टा तिनं पुन्हा मुठीत धरला होता. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण लहानपणी मी तुमच्या एंजलला दुष्ट म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही मला झापलं होतं, तेच शब्द तोंडात आले. “तोंडात मावलं ते खाल्लं. तुला काय वाटलं, परवानगी मागेल?” तिनं पट्टा सोडला. थोडी हसलीही, बहुतेक.

टाकीत रोग आला नाही. निऑन आणि श्रिंप आता स्वयंपाकघरातल्या छोट्या टाकीत आहेत. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, मलाही तिच्याशी काय बोलावं ते पुष्कळदा सुचत नाही. काल आत्याचा फोन आला होता, राहायला ये म्हणून. ती म्हणाली, “येईन, पण रात्री परत येणार. पाणी बदलायचंय.” मी ओट्यापाशी उभी होते. पोळी करपली.

हे पत्र टाकीखालच्या कपाटात, माशांच्या खाण्याच्या डब्यामागे ठेवते. एक मात्र तिला सांगितलेलं नाही. तिनं सांगितलं तिथे ते लाकूड अगदी वाईट दिसतं, बाबा. रोज ती शाळेत गेली की मी बाही वर सारते, झाकण उघडते, आणि थोडा वेळ बघून पुन्हा बंद करते.