साठ मीटरवरची चाल

३ मार्च
कवठे महांकाळच्या पुढं पवनचक्क्यांच्या माळावर आज रुजू झालो. पत्र्याची खोली, पंखा, चहाचं सामान. सैन्यात वीस वर्षं रडार सांभाळल्यावर ही नोकरी म्हणजे सुट्टीच. लहान ड्रोन रडारला ओळखता येतं का, एवढंच कंपनीला हवंय. ड्रोन काय, घार काय, पडद्यावर ठिपकाच. पण खाली हालचालीची रेघ उमटते : पंखांची संथ, पात्यांची दाट. शिवाय प्रत्येक ठिपका डोळ्यांनी बघून नोंदवायचा, असा नियम आहे.

५ मार्च
मेंढ्या घेऊन बिरदेव येतो. डावा पाय ओढतो, पण तोंड लय चालतं. मला आभाळाचा तलाठी म्हणतो. बरोबर बाराला मात्र घोंगडं डोक्यावर घेऊन बसला. ऊन डोक्यावर असताना ह्या माळावर मान वर करायची न्हाई, आज्ज्यापासनं चालत आलंय, म्हणाला.

७ मार्च
बाराला ठिपका. दोन किलोमीटरवर, साठ मीटर उंच. आमचं ड्रोन पेटीत होतं. रेघ पंखांची नाही, पात्यांची नाही. ही रेघ मी सरहद्दीवर रोज बघायचो. हात हलवत चालणारा माणूस.

८ मार्च
पुन्हा. एक किलोमीटर. मला पडदा सोडता येत नाही. बिरदेवला म्हणालो, तू बघून सांग. तो नको म्हणाला. मेंढरापेक्षा भित्रा हायस व्हय रं, म्हणून हसलो. त्याला लागलं. उद्या बघतोच गड्या, म्हणाला.

९ मार्च
त्यानं बघितलं. काय दिसतंय, आतून दोनदा विचारलं. बाहेर आलो तर नुसतं घोंगडं होतं. मेंढ्या माना खाली घालून उभ्या होत्या.

१० मार्च
बाराला दोन ठिपके. दुसऱ्याची रेघ अडखळते. डावा पाय.
नोंद केली : पक्षी.

११ मार्च
त्याची बायको बयाबाई आली. आवं फौजी, माझा माणूस कुठं हाय, विचारत राहिली. बारा वाजत होते. वर बघू नका, एवढंच म्हणालो.
तेवढ्यावरनं तिला कळलं. तिनं मान वर केली.
तीन ठिपके. दोनशे मीटर.

१२ मार्च
बारा. शंभर मीटर — सत्तर —
पडदा रिकामा. पत्र्यावरनं बिरदेवचा आवाज. हसतोय. मेंढरापेक्षा भित्रा हायस व्हय रं —
थेट डोक्यावरचं रडारला दिसत नाही. ते डोळ्यांनीच बघून नोंदवायचं अस—