गुलाबी पायाचा महाकाय आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, असे लिहून ठेवतो की आज सकाळी दहा वाजता माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको स्वयंपाकघरातून "चहा गार होतोय" असे तिसऱ्यांदा ओरडली आहे, पण तो दबाव नव्हे, तो तीस वर्षांचा संसार आहे. परवा माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही, आणि त्याच दमात म्हणाले, कागदपत्रे मात्र करून ठेवा. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम एक. राहते घर आणि बँकेतली ठेव बायकोला. तिने या घरातली एक अख्खी खोली माझ्या खेळण्यांना सोडली. "पाहुण्यांना झोपवायचं कुठे, त्या रोबोंच्या मांडीवर?" असे ती दरवेळी म्हणाली, आणि दरवेळी बाहेरच्या खोलीत गादी तिनेच घातली. तिच्या वाट्याबद्दल कोणी चकार शब्द काढू नये.

कलम दोन. कामाच्या टेबलावरची सगळी हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या सुऱ्या, प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या आणि पॉलिशचे मशीन, शेजारच्या टेबलावर अकरा वर्षे काम केलेल्या माझ्या सहकारी बाईंना. टोक मोडलेली सुरी टाकू नये. तीच सर्वांत बारीक कोरते.

कलम तीन. आता मुद्द्यावर येतो! माझा संग्रह, एकूण चौऱ्याऐंशी नग. सगळे जुने जपानी रोबो, सगळे रूप बदलणारे. विमानाचा माणूस होतो, कॅसेटचा पक्षी होतो, कॅमेऱ्याचे भिंग फिरवले की आतून डोके बाहेर येते. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते डोके बाहेर आले की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, आणि घरात कोणी नसेल तर मी वाजवतो. हा संग्रह आमच्या संग्राहक मंडळाला द्यावा. अट एकच: प्रत्येक नग महिन्यातून एकदा हाताने बदलावा, नाहीतर सांधे धरतात. माझे धरलेच आहेत, त्यांचे धरू नयेत. मात्र सील न फोडलेली एकवीस खोकी कोणीही, कधीही, काहीही झाले तरी उघडू नयेत. सील फुटले की खोक्याची इज्जत गेली.

कलम चार. महाकाय. हा मंडळाला नाही. याची हकिकत लिहिल्याशिवाय याची वाटणी समजणार नाही.

वडील बोटीवर वायरमन होते. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी जपानहून पाच यंत्रे आणली. पाच जोडली की हातभर उंचीचा महाकाय उभा राहतो. त्यांनी चार मला दिली आणि पाचवे, पिवळा बुलडोझर, म्हणजे महाकायाचा डावा पाय, माझ्या थोरल्या बहिणीला दिले. मी थयथयाट केला. वडील म्हणाले, "बारक्या, भांडलात तर हा उभा राहणार नाही. म्हणूनच दोघांत वाटून दिलंय."

आम्ही भांडलोच. ताई लग्न होऊन गेली आणि बुलडोझर घेऊन गेली. मी मागितला, ती म्हणाली, "माझा आहे." झाले! शेवटी मी कवळीच्या गुलाबी मसाल्यातून डावा पाय ओतला. माप केसाइतकेही चुकले नव्हते, पण रंग माणसाच्या हिरड्यांचा. प्रदर्शनात मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्या पायात दात कधी येणार?" लोक पोट धरधरून हसले. त्या हसण्याचे खापर मी ताईच्या माथ्यावर फोडले.

पुढे माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला ती आली आणि तिने मला त्याच मालिकेतल्या एका छोट्या रोबोचे सीलबंद खोके दिले. सील शाबूत! मी नाचलोच. ती म्हणाली, "अरे, उघड तर!" मी म्हणालो, "उघडायचं? वेडी आहेस का? हे मी जन्मात उघडणार नाही," आणि तिला सील या विषयावर अर्धा तास व्याख्यान दिले. ती न जेवता गेली. नंतर तिचा फोन आला नाही, मीही केला नाही. या गोष्टीला अठरा वर्षे झाली. तिने पाय दिला नाही तो नाहीच. ~~सबब माझ्या बहिणीस फक्त गुलाबी पाय द्यावा, म्हणजे तो बघून तिला रोज आठवण होईल.~~

(वरची ओळ मी स्वतः खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. कारण पुढे वाचा. वेळ अकरा चाळीस.)

झाले असे. वकीलबाईंनी सांगितले होते की प्रत्येक वस्तूचे वर्णन वजनासकट लिहा, पुढे तंटा नको. म्हणून प्लास्टर मोजायच्या काट्यावर एकेक खोके ठेवत होतो. ताईचे खोके ठेवले. त्यातला रोबो प्लास्टिकचा, खोक्यासकट फार तर दीडशे ग्रॅम भरावा. काटा म्हणाला, चारशे वीस! मी काटा पुसला, पुन्हा ठेवले. चारशे वीस! जुन्या खेळण्यांत इतके जड काय असते ते मला विचारा. जस्ताचे ओतकाम असते.

मी सील फोडले. होय, मी! मोडक्या टोकाच्या सुरीने. आत छोटा रोबो नव्हताच. आत कापसात गुंडाळलेला पिवळा बुलडोझर होता, आणि चिठ्ठी: "बारक्या, घे पाय. जोडलास की फोन कर, बघायला येते."

मी इतक्या जोरात ओरडलो की बायको पळत आली. तिला वाटले, परवापर्यंत थांबायचे काम राहिले नाही. मग मी फोन लावला. पलीकडून "कोण?" आले.

"ताई, मी. पाय सापडला!"

"कुठला पाय?"

"बुलडोझर! खोक्यात होता!"

पलीकडे काहीतरी दाणकन आपटले. मग, "अरे गाढवा, खोकं उघडायला अठरा वर्षं लागतात? मला वाटलं, मिळाला आणि साधा फोनही केला नाहीस!"

"सील होतं ना ताई!"

"ते सील मी मारलं होतं!"

इथे नमूद करतो की माझी बहीण औषधांच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर होती. तिने मारलेले सील देवालाही ओळखता येणार नाही. तरीही गाढव मीच.

कलम पाच. (दुपारी एक.) महाकाय, पाचही यंत्रांसह, माझ्या बहिणीस. गुलाबी पाय मंडळाच्या अध्यक्षांना. दात आले की कळवावे.

कलम सहा. (दुपारी चार.) कलम पाचमधले पहिले वाक्य रद्द. कारण असे.

ताई दोन तासांत आली. आल्या आल्या पाठीत धपाटा घातला, मग "ऑपरेशन आहे ते कळवायचंसुद्धा नाही?" म्हणून रडली. मीही रडलो, लाज कसली! मग आम्ही दोघांनी मिळून पाय जोडला. खट्! महाकाय टेबलावर उभा राहिला. लटपटला नाही, कलला नाही. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, आणि बायकोनेसुद्धा.

तेवढ्यात वकीलबाई साक्षीदार म्हणून आपल्या कारकुनाला घेऊन आल्या. दुसरा साक्षीदार हवा होता. ताई म्हणाली, "मी करते सही." वकीलबाई म्हणाल्या, "नाही चालणार. ज्यांना काही मिळणार, त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं."

"मग खोडा ते," ताई म्हणाली. "याच्या मागे मिळणारं मला काही नको. बारक्या, आत्ता दे."

मी दिला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, नीट पाहिला, आणि परत माझ्याच कपाटात ठेवून काच लावली. "आता वस्तू माझी आहे. तुझ्याकडे फक्त सांभाळायला ठेवलीय. न्यायला येईन तेव्हा दार तू उघडायचंस. दुसऱ्या कोणाच्या हातून मी घेणार नाही."

सबब, महाकाय माझ्या मालमत्तेत मोडत नाही. तो परत करण्याची जबाबदारी माझी एकट्याची आहे, आणि ती माझ्यामागे कोणत्याही वारसाकडे जात नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः खोडले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

सही: कवळीवाला

साक्षीदार पहिले: वकीलबाईंचे कारकून

साक्षीदार दुसरी: थोरली बहीण, जिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही

स्थळ: कामाची खोली, काचेच्या कपाटासमोर
दिनांक: अकरा फेब्रुवारी, मंगळवार