शिट्टीवाल्याच्या मागं सात देव

जना,

साठ वर्सं मी ढोरं हाकलली, पण कोण्या ढोराले शिट्टी वाजवून "एका लाइनीत चला" म्हटलं नाही. तुह्या भाच्यानं म्हातारपणी मले तेही दाखवलं.

असो. लहान बहिणीले मोठ्या बाईचा आशीर्वाद. तुह्या डोळ्याची पट्टी निघाली का? जावईबुवाचा खोकला कसा आहे? (खोकल्यावर बिडी हे औषध नाही, सांग त्याईले.)

मी अजून जवाहरनगरातच, धनंजयच्या क्वार्टरात. सकाळपासून तीनदा पिशवी भरली, तीनदा सोडली. खिडकीतून फॅक्टरीच्या बसा दिसतात, एकही मेली आपल्या गावाले, एकोडीले जात नाही. घराले कुलूप लाव अन् इथंच राहा, असं धनंजय दिवाळीपासून म्हणून राहिला. म्हणे, "आई, तुहे गुडघे गेले." मी म्हटलं, कुठं गेले? इथंच तर आहेत. शेवटी पैज लागली. क्वार्टरातले वीसेक लोक गाईड घेऊन दिवसभर डोंगरीवर पायी फिरणार होते. मी त्यायच्यासंग चालायचं. कुठं थकून बसली नाही तर एकोडी, बसली तर कुलूप.

आपण डोंगरीवर कायले जातो? काड्या आणाले, मोहफुलं वेचाले, हरपलेली गाय पाहाले. ह्या लोकायचं काहीच हरपलं नव्हतं, तरी निघाले! गाईड अंकुश नावाचा, टोपीवाला, तोंडात शिट्टी. एका झाडापाशी उभं करून मले म्हणे, "आजी, याले तेंदू म्हणतात." मी म्हटलं, "बाबू, याची पानं तोडून मी लेकीचं लग्न केलं. पुढं चाल."

मग चढ लागला. वाटेवरच्या देवाले गोटा वाहिल्याबिगर आपण पुढं जात नाही, तुले ठाऊकच आहे. एका फाट्यावर गोट्यांची ढिगली दिसली. मी बसली, गोटा ठेवला, कुंकू लावलं (पुडी कनवटीले असतेच), हात जोडले. धनंजय पाहून राहिला, पण देवापुढं बसणं म्हणजे थकून बसणं नव्हे. पुढच्या फाट्यावर देव नव्हता, तर मीच मांडला. त्याच्या पुढच्यावरही. (देव कुठं नसते?) असे सात देव झाले. सून निर्मला म्हणे, "आईले एवढी भक्ती कवापासून आली?" मी डोळेच उघडले नाही.

परततानी समजलं, ती पहिली ढिगली अंकुशनंच आदल्या दिवशी खुणेसाठी रचली होती. जिथं गोटे, तिथं डावीकडे वळायचं. आता गोटे तर फाट्याफाट्यावर! आम्ही प्रत्येक देवापाशी डावीकडे वळलो अन् फिरून त्याच वाकड्या पळसापाशी आलो. "माह्या खुणेले कुंकू कोणं लावलं?" अंकुश विचारून राहिला. मी पळसाकडे पाहत होती. तिसऱ्यांदा तोच पळस दिसला तवा तो शिट्टी वाजवायची विसरला.

ऊन कललं होतं. खालून गायीच्या गळ्यातली घंटी ऐकू आली. मी म्हटलं, "शिट्टी खिशात ठेव, गायीच्या मागं चला. गाय कोणाले विचारत नाही, पण सांजेले घरीच जाते." वीस शिकलेली माणसं शेणातून मुकाट गावात उतरली. धनंजय म्हणे, "आई, तू जिंकली. रविवारी सोडतो." आज गुरुवार. हे तीन दिवस सरता सरत नाही.

तुही बाई,
चंद्रकांता

ता.क. मोहाच्या टोरीचं तेल एकोडीच्या पत्त्यावर पाठव, मोठी शिशी भरून. दोन्ही गुडघे मडक्याएवढे झाले. निर्मलेले वाटते, मी पलंगावर बसून जप करून राहिली.

आणखी एक. फोन करू नको, इथं फोन आवाज मोठा करून साऱ्या घरानं ऐकायची रीत आहे. उत्तर चिठ्ठीनं दे, अन् एकोडीलेच टाक. वाकडंतिकडं का होईना, तूच लिही. तुह्या सुनेले, राखीले, कागदाले हात लावू देऊ नको. ती आधी निर्मलेले फोन लावते, मग लिहाले बसते.