वीस आठवड्यांच्या आत

१२ जून १९९५
एकोणचाळिसाव्या वर्षी! साईप्रिया चौदाची झाली आणि मला तिसरा महिना संपला. लाज वाटावी की आनंद व्हावा, तेच कळेना. आज तंजावरच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळंच काढलं. या वयात मूल मंदबुद्धी निघायची शक्यता दीडशेत एक. मद्रासला पोटात सुई घालून पाणी काढतात, तपासतात. "पण सुईनंही शंभरात एखादा गर्भ पडतो."
म्हणजे दोन्हीकडून भीतीच.
मराठीत लिहितेय. बोललेलं साईप्रियाला सगळं समजतं, ही अक्षरं वाचता येत नाहीत. बरंच आहे.

१५ जून
तिरुवैयारूहून येताना बसमध्ये हे एवढंच म्हणाले, "आपण गेल्यावर त्याला कोण बघणार?"
साईप्रियाचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

१९ जून
तिनं ऐकलंय! पान मांडून बसली आणि म्हणाली, "अम्मा, मीच बघणार ना? मग मलाही विचारा की."
मी ओरडले तिच्यावर. मग मागच्या दारी जाऊन रडले.

२४ जून
नको. नाही जायचं.

२६ जून
जायचं. कळलेलं बरं.

३ जुलै, मद्रास
सुई केवढी लांब! ह्यांना बाहेर बसवलं. पडद्यावर बाळानं हात हलवला — मी मान फिरवली. उत्तराला तीन आठवडे लागतील. वीस आठवड्यांनंतर कायद्यानं काही करता येत नाही. आज सोळा झाले.

५ जुलै
रक्त नाही. तासातासाला बघते.

१६ जुलै
अखेर ह्यांनी विचारलंच, "वाईट आलं तर?"
मी कीरैची पालेभाजी खुडत राहिले. मग मीच म्हटलं, "तर ठेवायचं नाही."
ह्यांनी मान डोलावली, डोळे पुसले. मला वाटलं होतं, हे नाही म्हणतील!

१७ जुलै
आज हललं. मासोळी वळावी तसं. कालच का नाही हललास रे?
कुणाला सांगितलं नाही.

२४ जुलै
टपाल नाही.

२७ जुलै
पत्र आलं, इंग्रजीत. ह्यांना उघडवेना, साईप्रियानं वाचलं. पाण्यातल्या पेशी वाढल्याच नाहीत, म्हणून उत्तर नाही. पुन्हा सुई घेतली तर आणखी तीन आठवडे — आणि मुदत सोमवारी संपते.
"म्हणजे काय, अम्मा?"
"म्हणजे येणार," मी म्हटलं. "जसं असेल तसं."